डावी सीट

नागपूरच्या धरमपेठेतून हुडकेश्वरला घरी परतताना, सिग्नलपाशी गाडी हळू करत असताना, छताचं कापड माझ्या तोंडावर पडलं. सगळं छत नाही. उजवीकडचा पुढचा कोपरा सुटला आणि ते करडं कापड, पाठीला चिकटलेल्या फोमसकट, माझ्या उजव्या डोळ्यावर येऊन बसलं. मे महिना, दुपारचे साडेतीन, गाडीच्या आत भट्टी. अशा वेळी माणूस काय करतो? हातानं कापड बाजूला सारतो, एक शिवी हासडतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं असतं. पण त्या क्षणी मला रस्ता दिसेनासा झाला. पुढची बस गेली, सिग्नलचा लाल दिवा गेला, गाडीचं बॉनेटसुद्धा गेलं. उरला नुसता पांढुरका, गढूळ उजेड. आणि माझा डावा डोळा तर उघडा होता. त्याच्यावर काहीच पडलं नव्हतं.

"ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" शामला ओरडली. पाय आपोआप दाबला गेला. तिनं हात लांब करून कापड वर उचललं आणि जग परत आलं. बसचा मागचा बंपर आमच्यापासून हातभर अंतरावर होता, त्यावर चिखलाचे वाळलेले शिंतोडे होते, ते मी मोजत बसलो. मागून हॉर्न वाजायला लागले. शामला म्हणाली, "चालवा तुम्ही. मी धरून बसते." आणि खरंच, धरमपेठेपासून हुडकेश्वरपर्यंत ती एक हात वर करून छत धरून बसली. मी समोर पाहत गाडी चालवत होतो आणि मला तिचा हात दिसत नव्हता. तीही दिसत नव्हती. माझ्या डावीकडे, दीड हातावर, एकतीस वर्षं संसार केलेली माझी बायको बसली होती आणि मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मान वळवली की ती होती, मान सरळ केली की नव्हती. हे आजच झालं की कधीपासून होतं, हे आठवायचा प्रयत्न करत मी तीन सिग्नल पार केले आणि मला काही आठवलं नाही.

ती मात्र नेहमीसारखी बोलत होती. "तो ऑटोवाला पाहा, कसा डावीकडून घुसून राहिला. त्या बाईच्या कडेवरचं लेकरू पाहा, टोपीसुद्धा घातली नाही बाप्पा त्याले. थांबा, म्हातारा रस्ता ओलांडून राहिला." तिची ही बडबड गेल्या वर्षा-दीड वर्षातली. आधी ती गाडीत गप्प बसायची, खिडकीबाहेर बघत, कधी पेंगत. मग अचानक तिला रस्त्यावरच्या प्रत्येक माणसात रस वाटायला लागला. मी वैतागून एकदा म्हणालोही होतो, की तू आकाशवाणीवर का नाही लागत. ती हसली होती आणि पुढच्याच चौकात तिनं मला एक हातगाडी दाखवली होती.

ही गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, निळी, कूप म्हणतात तसली. अकरा वर्षांपूर्वी धरमपेठेतल्याच एका बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेली मी घेतली, तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. आमच्या हुडकेश्वरच्या लोकांनी तिला पाहून विचारलं, "गिरिधरभाऊ, हिच्यात बसाचं का निजाचं?" कारण सीट इतक्या खाली, की आत शिरताना माणसाला आधी वाकावं लागतं, मग पडावं लागतं. मागे दोन सीट आहेत, त्यांवर भाजीच्या पिशव्या बसतात. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. चौतीस वर्षं कालव्यांचे आणि पाटांचे नकाशे काढले. फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस म्हणून माझं नाव होतं. या गाडीची रेघ मला आवडली. बॉनेटपासून छतावरून मागच्या काचेपर्यंत एकच रेघ, कुठेही हात न उचलता काढलेली. दुसरं काही कारण नव्हतं. हिला मी कधी गॅरेजमध्ये नेलं नाही. ऑइल मी बदललं, ब्रेकचे पॅड मी बदलले, रेडिएटरचा पाइप मी बदलला, आणि निवृत्तीनंतर आतलं सगळं काम हाती घेतलं. आम्ही दोघं चिखलदऱ्याला जाणार होतो. या गाडीनं, घाटातून. अकरा वर्षं जाणार होतो. आधी हे होऊ दे, मग ते होऊ दे, असं करता करता शेवटी तारीख ठरली होती. येत्या सोमवारी, लग्नाच्या वाढदिवशी. आज शुक्रवार होता.

घरी आल्यावर शामलानं हात खाली घेतला आणि दंड चोळला. दुखतो का, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी हत्यारं हातात घेतो, ही माझी जुनी खोड. गाडी पत्र्याच्या शेडखाली लावून मी आत तसाच बसून राहिलो. उजवा डोळा हातानं झाकला. समोरचे मीटरचे दिवे लावले. पांढरट उजेडात चार जास्त पांढरे ठिपके. हात काढला. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, सगळं जागच्या जागी. पुन्हा झाकला. असं मी दहा वेळा केलं असेल, जणू अकराव्या वेळी काही वेगळं निघणार होतं. आणि ते करता करता ते दिवे मला आठवले. दोन वर्षांपूर्वी मीच तक्रार केली होती, की या जुन्या गाड्यांचे मीटर फार मंद. सगळा डॅशबोर्ड उघडून मी आतले पिवळे बल्ब काढून पांढरे, लख्ख दिवे बसवले. मग हेडलाइट मंद वाटले, तेही बदलले. मग पुढच्या काचेवर धूर बसल्यासारखा वाटायला लागला, म्हणून पॉलिशची पावडर आणून चार रविवार ती काच घासली. शामला म्हणाली, "काच तर साफ आहे." मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. मग स्टिअरिंगला चामडं शिवायला घेतलं, तेव्हा सुईत दोरा जाईना. दोरा जाड आहे, म्हणालो मी. शामलानं वीस सुया ओवून एका उशीला टोचून ठेवल्या आणि ती उशी माझ्या उजव्या हाताशी ठेवली. उजव्याच. डावीकडचा दरवाजा तीनदा घासला गेला. एकदा फाटकाचा खांब, एकदा कोणाची तरी स्कूटर, एकदा दुकानाची पायरी. तिन्ही वेळा मी त्यांना शिव्या दिल्या, पुट्टी भरली, घासली, रंग मारला. इतका बेमालूम, की कोणाला सांगून खरं वाटू नये. मी गाडी सुधारत होतो असं मला वाटत होतं. मी पुरावे बुजवत होतो.

हे काम मला नवीन नव्हतं, आणि हेच मला त्या शेडमध्ये बसू देईना. मी उठलो, गाडीभोवती फिरलो, पाना उचलला, ठेवला. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांचा संत्र्याचा बगीचा होता. बाबा म्हणजे देवराव, बोलायला कमी आणि फटफटी चालवायला एक नंबर. बाजाराच्या दिवशी मायला मागे बसवून ते निघायचे आणि माय मागून अखंड बोलायची. "बैलं येऊन राहिले. त्या रंभाबाईचा कुडाचा काटा रस्त्यावर आला. इथं खड्डा होता नं मागं?" आम्ही पोरं हसायचो, की माय फटफटीच्या आवाजावर मात करते. घरात तांब्या कायम एकाच जागी, खाट एकाच जागी, बाबांच्या वाटेत कोणी चप्पल सोडली तर माय मारायला उठायची. आम्हाला ती शिस्त वाटे. मग मी नागपूरला तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला असताना, सुटीत घरी आलो, त्याच आठवड्यात बाबांनी भर दुपारी फटफटी सरळ नालीत घातली. बाबांना खरचटलं. मायचा उजवा पाय मोडला तो मोडलाच. पुढे मरेपर्यंत ती लंगडत चालली. विचारायला आलेल्या प्रत्येकाला बाबा एकच सांगत, "क्लचवायर तुटली." दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी उघडली. इंजिनातलं थोडंफार कळायला लागलं होतं, हात शिवशिवत होते. वायर बाहेर काढली. अख्खी होती. एक तारसुद्धा सुटलेली नव्हती. मी ती हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग पक्कड घेतली आणि ती तोडली. दुपारी काका आले तेव्हा मी तो तुकडा त्यांना दाखवला. "पाहा काका, इथून गेली." काका म्हणाले, पोरगा हुशार निघाला. ती माझी पहिली दुरुस्ती.

सात वर्षांनी बाबांना नागपूरला आणलं तेव्हा सगळंच आटोपलं होतं. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं, फार उशिरा आलात म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की हे घराण्यात उतरतं, तुम्ही दरवर्षी डोळे तपासून घेत जा. मी मान हलवली. चौतीस वर्षांत एकदाही गेलो नाही. ऑफिसात माझ्या नजरेची ख्याती होती, नकाशावरचा अर्धा मिलिमीटर मला टेबलापलीकडून दिसायचा. असल्या नजरेच्या माणसानं डोळ्यांच्या दवाखान्यात कशाला जावं? लाज वाटली असती. आता वाटते ती वेगळी.

शनिवारी सकाळी लहानूभाऊ आले. हे माझ्याच वयाचे, चाळीस वर्षं सीटकव्हरं शिवणारे गृहस्थ. मला सामान देतात, सल्ला देतात आणि माझं काम पाहून मनातल्या मनात हसतात. त्यांनी लोंबणारं छत दोन बोटांनी ओढून पाहिलं, ते सगळंच खाली आलं. कापडाच्या पाठीला लावलेल्या सोल्युशनवर पांढुरकी साय धरली होती. त्यांनी ती नखानं खरवडली.

"गिरिधरभाऊ, हे कुठं चिपकवलं तुम्ही?"

"घरात. हॉलमधी."

"कूलरसमोर?"

एप्रिलात छताच्या आतला पुठ्ठा बाहेर काढून मी तो हॉलमध्ये, कूलरच्या पुढ्यातच आडवा ठेवला होता. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीत कोण बसणार? खसाचा गार वारा अंगावर घेत, मजेत, मी सोल्युशन पसरलं आणि कापड चिकटवलं.

"हे सोल्युशन कोरडी हवा मांगते," लहानूभाऊ म्हणाले. "कूलरच्या ओल्या हवेत लावलं तं वरून पकडलं असं वाटते, अंदर पाणी धरते. मंग उन्हात आली गाडी का सोडलंच त्यानं. आपल्या नागपूरच्या लोकायचं हेच, कूलर सोडवत नाही." मग ते मागे सरकले आणि डावीकडच्या खिडकीतून आत वाकले. "अन् हे काहून ठेवलं असं? तुमची सीट तं राजाची करून टाकली. वहिनीच्या सीटले हातच नाही लावला?"

"ते शेवटी होणार आहे," मी म्हणालो.

"अकरा वर्षं झाले नं बा," ते म्हणाले आणि छताचा पुठ्ठा काढून, नवं कापड मापून निघून गेले.

मला राग आला. लहानूभाऊंचा आला, कूलरचा आला आणि सगळ्यात जास्त शामलाचा आला. तिला माहीत असणार. आकाशवाणी, उजव्या हाताशी ठेवलेली सुयांची उशी, सगळं माहीत असून ती माझ्या शेजारी येऊन बसत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती. माझी कीव करत होती. की मला फसवत होती? की तिला असं वाटत होतं, की बोलली तर मी मोडेन? सोमवारी मी तिला घाटात नेणार होतो. डावीकडे दरी. तिला हे दिसत नव्हतं? आणि मला दिसत नव्हतं? मला काल दुपारपासून दिसत होतं आणि तरी आज सकाळी मी टायरची हवा तपासली होती. हे मी स्वतःला स्पष्ट सांगितलं, शेडमध्ये उभा राहून, जवळजवळ मोठ्यानं: तू सोमवारी जायच्या तयारीत आहेस. तू पुन्हा पक्कड हातात घेतली आहेस.

लहानूभाऊ वाकले होते तिथंच, डाव्या दाराशी, मी उभा होतो. दार उघडलं. या गाडीची दारं लांब आणि जड, बिजागऱ्या झिजल्या की खाली झुकतात. उजव्या दाराची बिजागरी मी बदलली होती. डाव्या दाराची बदलायची होती. आत बसलो आणि दार ओढलं, तर ते लागेना. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा आपटलं. मग आठवलं, शामला ते आधी थोडं वर उचलते. रोज उचलते, पिशवी मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी. मी उचललं, तेव्हा लागलं. त्या सीटवर मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बसत होतो. पाठीत काहीतरी टोचलं. हात मागे घालून पाहिलं तर रेक्झिनमधून स्प्रिंगची तार बाहेर आलेली, आणि तिच्यावर एक जुना टॉवेल चौघडी करून, सुईदोऱ्यानं पक्का शिवलेला. शामलाचाच टाका. एसीच्या डाव्या जाळीची पट्टी तुटलेली; वारा सगळा माझ्या बाजूला जात असणार. उन्हाची काळी फिल्म माझ्या काचेला होती, इथे नव्हती, आणि सकाळचं ऊन सरळ मांडीवर पडत होतं. हे सगळं करायचं होतं. यादीत होतं. यादी मीच केली होती, माझ्या सुंदर अक्षरात.

पाय पसरले, तेव्हा उजव्या पायाखाली काहीतरी खोलगट लागलं. मी वाकून पाहिलं. माझ्या बाजूचा गालिचा मी दोनदा बदलला होता; इथला पहिलाच होता, करडा. बाकी सगळा धड होता. फक्त समोरच्या बाजूला, उजवा पाय जिथं टेकतो तिथं, तळहाताएवढी जागा झिजून गेली होती. धागे गेले होते, खालचं रबर गेलं होतं, आतला पत्रा दिसत होता, आणि पत्र्याचा रंगसुद्धा उडाला होता. टाचेची जागा वेगळी, चवड्याची वेगळी. ही झीज पाय घासण्याची नव्हती, दाबण्याची होती. मी माझा पाय त्या जागी ठेवला आणि दाबला. खाली काहीच नव्हतं. पत्रा होता. ती वर्षभर, दीड वर्ष, कोण जाणे किती, प्रत्येक चौकात, प्रत्येक वळणावर, तोंडानं लेकराच्या टोपीबद्दल बोलत, इथं ब्रेक दाबत होती. मला रडू आलं. साध्या शब्दांत सांगायचं तर मी त्या तार निघालेल्या सीटवर बसून रडलो, आणि डावा डोळाही रडला, त्याला तेवढं येत होतं.

शामला चहा घेऊन आली तेव्हा मी तिथंच होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, माझा पाय कुठं आहे ते पाहिलं. उभं तरी किती वेळ राहणार? ती गाडीच्या पुढून वळसा घालून गेली, उजवं दार उघडलं, वाकली आणि माझ्या जागेवर बसली. मला चहा दिला. मग जराशी हलली, पाठ टेकली, दोन्ही हात सीटच्या कडांवरून फिरवले.

"अगं बाई," ती म्हणाली. "एवढी मऊ आहे ही?"

गाडीत छत नव्हतं, वर नुसता गंजाचे डाग पडलेला पत्रा होता, आणि उजवीकडे बसल्यामुळे ती मला पूर्ण दिसत होती. कानाजवळचे पांढरे केस, घामानं चिकटलेले. दंडावर कालची सूज होती. छत धरून धरून आलेली.

"बाबाच्या फटफटीची क्लचवायर तुटली नव्हती," मी म्हणालो. हे मी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

"मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"तुम्ही पक्कडीनं तोडली. मायनं खाटेवरून पाहिलं होतं. पाय बांधून पडली होती नं ती ओसरीत. मले सांगितलं तिनं, आपण इथं राहाले आलो त्या वर्षी. म्हणे, पोरगा बापावर गेला बाई. ध्यान ठेवजो वं."

"मंग तू बोलली काहून नाही मले?"

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला, तो मी फार वर्षांनी ऐकला. "बोलली नाही? दीड वर्ष झालं, गाडीत बसून दुसरं काय करून राहिली मी? तीनदा म्हटलं, डोळे दाखवून या. चष्म्याचं निमित्त केलं, शुगरचं निमित्त केलं. तुम्ही दर वेळी काहीतरी खोलून बसले. कधी मीटर खोलला, कधी काच घासली. मले वाटलं, या माणसाले गाडी पाहिजे का मी पाहिजे?"

मी कप डॅशबोर्डवर ठेवला. तिथली भेग मी इतकी छान भरली होती, की बोटालाही लागत नव्हती.

"मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही, शामला. अजिबात नाही. काल कळलं मले. तुले आधीच कळलं असन."

"हो."

"चिखलदऱ्याले मी तुले नेत नाही. सोमवारी आपण दवाखान्यात जाऊ. उजवा राहिला आहे, तो तरी पाहू."

"कायनं जावाचं?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि ती समोर, शेडच्या मागच्या भिंतीकडे पाहत होती.

"तुह्या स्कूटीवर. मी मागं बसतो. अन् काही बोलत नाही."

ती नाकानं हसली, पदरानं तोंड पुसलं. मग खाली वाकून पाहायला लागली. तिथं तीन पेडल होती, चकचकीत, मीच बसवलेली. चप्पल काढून तिनं अंगठ्यानं मधलं चाचपलं.

"ब्रेक तो हाच का?"

"हो. मधला."

तिनं पाय ठेवला आणि दाबला. पेडल खाली गेलं, सावकाश, आणि मागच्या फाटकाच्या पत्र्यावर लाल उजेड पडला. मधल्या आरशात मला तो दिसला, उजव्या डोळ्यानं.

"बाप्पा," शामला म्हणाली, "हा तं लागते!"

मी हो म्हणालो. तिनं पाय काढला नाही; बराच वेळ ती तशीच दाबून बसली.